धनूचं नाक

वडिलांचा, अप्पांचा, फोन आला तेव्हा मी सांगलीत घरीच होते, मिरजेच्या दवाखान्यात भावाजवळ थांबलेल्या त्यांच्यासाठी न्यायचा डबा भरत होते. "पोरी... डबा नगं आणू आता," एवढंच ते म्हणाले. पलटणीत आयुष्य काढलेला माणूस, आवाज कापला नाही. पण फोन बंद करायचं त्यांना सुचलं नाही. पलीकडची वॉर्डातली गडबड ऐकत मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. माझा धाकटा भाऊ धनंजय, आमचा धनू, गेला त्याला आता महिना होत आला.

धनू पुण्यात, स्वतःची बिअर बनवणाऱ्या एका हॉटेलात कामाला होता. ते बंद पडलं, तो कडेगावला परतला आणि घरामागच्या परड्यात बिअर करायला लागला. अप्पांनी भांडी बाहेर काढली. "माज्या दारात हातभट्टी न्हाई चालायची!"

"आवं अप्पा, दारू न्हाई गाळत मी. जव उकळायचं, आंबवायचं..." पण ऐकतंय कोण? मग पातेली, पिंप घेऊन तो माझ्या फ्लॅटवर आला. परवान्याशिवाय हे करता येत नाही, ते मला ठाऊक होतं. भीती वाटायची, पण त्याला नाही म्हणवेना. त्याला कडक, कडवट बिअर आवडायची. हॉप्स नावाच्या फुलांच्या हिरव्या गोळ्या त्यात पडतात; त्यांचं पाकीट फोडलं की तो डोळे मिटून हुंगायचा. "ताई, मोसंबीची साल... आन् मागनं कच्चा आंबा. येतोय का?" मी कधी थेंबही घेतला नाही, पण ते वास मात्र त्याच्यामुळे ओळखायला लागले.

मग एका तापानंतर त्याचा वासच गेला. येईल परत, असं डॉक्टर म्हणाले, आम्हीही म्हणालो. आला नाही. तो उकळत्या पातेल्यावर तोंड धरायचा, कपाळ लालबुंद होईपर्यंत. एक पाकीट टाकायचा, वास येईना म्हणून दुसरं, मग तिसरं... बिअर इतकी कडू व्हायला लागली की त्याचे मित्रही ग्लास बाजूला ठेवायचे. "तू सांग की गं, तुला येतोय न्हवं?" मी सांगायची... पेरू, ओलं गवत, लिंबाचा पाला. तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. एकदा मध्येच म्हणाला, "नगं सांगू ताई. नुसते शब्दच हायत गं." त्या दिवशी भरलेलं पिंप त्यानं मोरीत ओतलं आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून राहिला.

पुढं डोकं दुखायला लागलं, आणि एक दिवस स्वयंपाकघरात तो कोसळला. नाकाच्या वर, मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. इतके दिवस वास तीच दाबून बसली होती... आणि आम्ही तापाला दोष देत होतो. ऑपरेशनच्या आधी त्यानं हट्टानं एकदा बिअर लावली. त्याला पळी धरवेना, म्हणून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, मी ढवळलं. "आंबून झालं की हॉप्स टाक, मग बाटल्या भर. साखर जपून घाल, जास्त झाली तर बाटल्या फुटत्यात," असं बजावून तो दवाखान्यात गेला. ऑपरेशन झालं, तो शुद्धीवर आलाच नाही. त्या दिवसांत दवाखान्यातून येऊन मी हॉप्स टाकले, बाटल्या भरल्या. हे नीट झालं तर तो उठेल, असं वेड्यासारखं मनाशी धरून बसले होते. उठला नाही.

गेल्या आठवड्यात अप्पा माझ्याकडे आले होते. दुपारी जेवायला बसलो तोच ओट्याखाली धाडकन आवाज झाला. तिथं ठेवलेल्या धनूच्या बाटल्यांतली एक फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारचीही. माझ्या हातून साखर जास्त पडली असणार. काचा, फेस, आणि घरभर तो वास... मी उठले, अर्धवट लोटलेली खिडकी सताड उघडायला गेले.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "वास जाईल."

त्यांनी स्वतः उठून खिडकी लावली, दारही ओढून घेतलं आणि परत ताटावर येऊन बसले. जेवलं कुणीच नाही. मग त्यांनी विचारलं, "कशाचा गं ह्यो वास?"

ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. दारं-खिडक्या बंदच होत्या... तरी वास गेलाच.