शांत माणसं

राजुरीतल्या आमच्या शेजारच्या काकू प्रवासाला निघाल्या की कपडे पिशवीत कोंबतात आणि मोठी बॅग औषधांना देतात. ओवा, सुंठ, बाम, चिकटपट्टी, लिंबं. मग जायचं आळेफाट्यापर्यंतच का असेना. तुम्हाला काय होतंय हे त्या कधी विचारत नाहीत, काय होणार ते सांगतात. "तुला वळणावर मळमळणार. घे आत्ताच."

भावासाठी मुलगी बघायला आम्ही डिंभ्याला निघालो, तेव्हा गाडी लागू नये म्हणून जीपमध्ये चढायच्या आधीच त्यांनी सगळ्यांना एकेक गोळी चारली. ड्रायव्हरनं तेवढे हात जोडले. "एकीनं काय व्हतंय?" म्हणत वडलांना दोन दिल्या. घोडेगाव यायच्या आत अख्खी जीप घोरत होती.

मला जाग आली ती थेट मुलीच्या अंगणात. वडील तोंड उघडं टाकून मामाच्या खांद्यावर, भावाची लाळ नव्या शर्टावर, आणि काचेला नाक लावून मुलीकडची सगळी मंडळी आत बघत होती. वाटता वाटता गोळ्या संपल्यामुळे काकू एकट्या जाग्या होत्या. चेहरा पांढराफटक, नाकाशी लिंबू. तशाच खाली उतरल्या, पदर सावरला आणि मुलीच्या वडलांना म्हणाल्या, "पावणं, आमची मानसं लई शांत हायेत बगा."

सोयरीक तिथंच जमली.

वहिनीला आमच्या घरात येऊन तीन वर्षं झाली. ती शांत माणसं कुठं गेली, असं ती अजून विचारते.