तहानलेली नाव

मी शिकलो तो आमच्या गावच्या नाववाल्या चाचांमुळे. शाळा गोदावरीपल्याड होती. काठ सोडण्याआधी चाचा रिकाम्या वाटेकडे तोंड करून हाक द्यायचे, "अजून कोण राहिलं का?" मी धापा टाकत पोहोचेपर्यंत नाव हलायची नाही.

पुढे पूल झाला आणि नाव काठावर वाळून तडकली. यंदा गावाने ठरवलं, एकदा दुरुस्त करून बघू. नाही तरंगली तर जळणाला देऊ. घरोघरून मूठमूठ कापूस आला. चाचांनी तो तेलात भिजवून फटींत ठासला. मी सुट्टीला गावी गेलो होतो, मीही हात लावला. आम्ही नाव पाण्यात ढकलली, तर चाचाच घागरीने तिच्यात पाणी ओतू लागले! नाव तळाला गेली.

"चाचा, बुडवली की हो!" सरपंच ओरडले.

"बुडू द्या. लई दिवसांची तहानली हाय. लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी मिटत्यात." चाचा चहा घेत बसले. "तुमची म्हैस पाणी पिताना बोंबलता का असं?"

मी आता लातूरला राहतो. काल त्यांचा फोन आला. "पाणी उपसलं! म्हातारी तरंगली! पुनवेला सगळ्या गावाला फिरवणार!" फोनवरही ते पल्याडच्या काठाला हाक मारल्यासारखे ओरडतात, आपलं ऐकतच नाहीत. म्हणून मी पत्र टाकलं:

"चाचा, सलाम. पुनवेला येतोय. बसला उशीर होईल. नाव सोडण्याआधी वाटेकडे बघून हाक द्या. मी राहिलोय."