दोन सह्यांचं विमान

आमच्या घरात कापणीचं एकच मोठं टेबल आहे आणि ते माझं आहे. मी शिवणकाम करते. नऊ वर्षांपूर्वी हे निवृत्त होऊन घरी आले, ते एक अवाढव्य खोकं घेऊनच. ते माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "यात विमान आहे. जोडायचंय." मी तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला.

हे विमानतळावर तपासनीस होते. मेकॅनिकनी दुरुस्ती करायची, यांनी ती तपासून सही करायची. त्या सहीशिवाय विमान जागचं हलत नसे. खोक्यात होतं ते त्यांच्या हाताखालून शेकडो वेळा गेलेलं दोन इंजिनांचं जुनं मालवाहू विमान, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. तरी पंख मीटरभराच्या वर लांब आणि सुटे भाग सातशे अठ्ठेचाळीस.

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी कटर घेऊन बसला असता. आमच्या ह्यांनी आधी वही आखली. प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक कामाचा वेगळा कागद, कागदाखाली दोन रकाने: काम करणारा आणि तपासणारा. ज्यानं काम केलं त्यानंच ते तपासायचं नाही, हा त्यांच्या नोकरीतला नियम. घरात दुसरं माणूस मी एकटी, तेव्हा तपासणारा कोण हे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. सूचनांच्या पुस्तकात त्यांनी सोळा चुका काढल्या. वाट बघून बघून गोंद बाटलीतच वाळला. विमानावर चिकटवायची चिन्हं पिवळी पडली, ती पंधरा दिवस खिडकीच्या काचेला लावून उन्हानं पांढरी करून घेतली. विमान मात्र खोक्यातच. मुलगी फोनवर विचारायची, "आई, बाबांचं विमान उडालं का?" मी म्हणायचे, "अगं, अजून धावपट्टी झाडतायत."

आणि गेल्या सोमवारी मी एका कोटाचं अस्तर कापत असताना म्हणाले, "आज सुरू करू."

का ते मला माहीत होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहा अर्धाच कप मागायचे. शर्टाची बटणं न काढता तो डोक्यावरून घालायचे. डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले आणि मला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. पण पँट धुवायला टाकताना खिशातला कागद मी वाचला होता. थरथर कमी होणारी नव्हती, वाढतच जाणार होती. हे विमान त्यांना स्वतःच्या हातानं करायचं होतं आणि नेमका हातच साथ सोडत होता. ते बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. दिवसभर मशीनवर वाकून पाठीचा पार भुगा झालेला असतो. असला विषय उद्यावर ढकलायला मला कारण लागत नाही.

अस्तर गुंडाळून मी टेबल रिकामं करून दिलं.

पहिला कागद इंजिनाचा होता. चौदा सिलिंडर, प्रत्येक माझ्या करंगळीच्या नखाएवढा, त्यावर केसासारख्या बारीक रेघा. नवा आणलेला हा गोंद प्लास्टिक वितळवूनच चिकटतो, त्यामुळे जिथे सांडला तिथली नक्षी गेलीच. दार लोटून घेऊन ते तीन तास बसले. मग हाक आली, "अहो तपासनीस, या!"

मी गेले. तीन सिलिंडर वाकडे होते आणि पाचांवर गोंद ओघळून रेघा बुजल्या होत्या. ह्यांचा चेहरा घामेजलेला, पण खुशीत. मी इंजिन उजेडात धरलं, "छान झालंय," म्हटलं आणि सही ठोकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर हे भिंग घेऊन टेबलाशी.

"तू न बघता सही केलीस," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तो ऑफिसातला होता. "न बघता सही करणाऱ्याला मी कामावर उभं केलं नसतं."

मला मनापासून राग आला. नऊ वर्षं मी हे सगळं सोसलं होतं.

"बघितलं होतं मी," मी म्हटलं. "तीन वाकडे, पाच बुजलेले. बघूनच केली सही."

ते भिंगाची मूठ पुसत राहिले.

"हाताचं कधीपासून माहितीये तुला?"

"तुम्ही चहा अर्धा मागायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी इंजिनाचा कागद घेतला, त्यावर 'बाद' लिहिलं आणि दुसऱ्या इंजिनाचा कागद पुढे ओढला. 'काम करणारा' या रकान्यात त्यांचं नाव नऊ वर्षांपूर्वीच लिहिलेलं होतं. ते त्यांनी पट्टी धरून खोडलं आणि माझं लिहिलं. पट्टी धरूनही रेघ वाकडी गेली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

"तुझा हात सुईचा आहे," ते म्हणाले. "मी शेजारी बसून सांगतो."

सांगतो म्हणजे छळतो. पहिला सिलिंडर मी चिमट्यानं अलगद बसवला, तो त्यांनी काढायला लावला. दुसऱ्यांदा बसवला, परत काढायला लावला. तिसऱ्या वेळी मी चिमटा आपटला आणि माझ्या बारा गिऱ्हाइकांचे कपडे कोण शिवणार ते विचारलं. त्यांनी चिमटा उचलून पुन्हा माझ्या हातात दिला. चौथ्या वेळी तो त्यांना पटला. चौदावा बसला तेव्हा रात्र झाली होती; त्यांनी प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं, भिंगातून बघितलं आणि कागद स्वतःकडे घेतला.

'तपासणारा' या रकान्यात त्यांनी सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली होती.

मी कागद उजेडात धरला. "वाचता येत नाहीये," मी म्हटलं. "परत करा."

त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि परत सही करायला वाकले.