दूध संस्थेतली काजू बी

चंदगडच्या पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या: अंगणात शेवाळ आणि संयोगिताच्या काजू कारखान्याला कुलूप.

काजू बी मिळायची उन्हाळ्यात. व्यापारी ती आधीच उचलायचे आणि श्रावणात संयोगिताची बी संपली, की तीच दीडपट भावानं दाखवायचे. मग बॉयलर थंड आणि बी फोडणाऱ्या बायका घरी. गेल्या वर्षी कुलूप लागताना त्यांच्यातली थोरली बनाबाई म्हणाली, "सूनबाई, पोट पावसाळ्यात सुट्टी घेतंय व्हय? फुडच्या साली कुलूप दिसलं तर आमची वाट बघू नगंस." हिच्यामागून सगळ्याच जाणार, हे संयोगिताला कळत होतं.

उन्हाळा आला. बी विकत घ्यायला टेम्पो घेऊन ती वाड्यावस्त्यांवर फिरली. माणसं रानात, दारं बंद. एका सकाळी दूध घालायला ती संस्थेत रांगेत उभी राहिली आणि किटल्यांकडे बघता बघता थबकली. दोन वेळा अख्खा गाव आपल्या पायानं इथं येतो. मग आपण कशाला फिरतोय?

इथंच बी विकत घ्यायचा बेत तिनं सांगितला, तशी सचिव आकारामनं नकारार्थी मान हलवली. "वहिनी, ही दूध संस्था हाय, बाजार न्हाय."

"कोपरा तेवढा द्या की, भावजी. दुधाच्या बिलाबरोबरच बीचं पैसं देतो."

"आन् खोटा माल?"

"तुम्ही दुधाची फॅट तपासताना कुणाला सोडताय व्हय? तशीच बी तपासायची."

आकाराम हसला. संचालकांना विचारून त्यानं कोपरा दिला.

पहिल्याच दिवशी दूध घालायला आलेल्या गुंडूनं बीचं पोतं आणून टाकलं. संयोगितानं बादलीत पाणी घेतलं आणि पोत्यातली मूठभर बी त्यात सोडली. भरलेली बी बुडते, पोकळ तरंगते. गुंडूची निम्मी वर आली.

"गुंड्या, लेका," रांगेतून कुणीतरी ओरडलं, "दुधात पाणी घालून कधी सापडला न्हाईस, पाण्यात बी घालून सापडलास की!"

हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून लोक घरीच बी निवडून आणू लागले. बनाबाईची टोळी ती खळ्यावर पसरायची, खडखडीत वाळली की पोत्यात भरायची. वळीव यायच्या आत गोदाम आढ्यापर्यंत गेलं.

श्रावणात पाऊस झोडपत होता आणि बॉयलरमधून वाफ निघत होती. व्यापारी अमरसिंह छत्री झटकत दारात आला. "वहिनी, बी संपली असंल. पाठवू का गाडी?"

संयोगितानं गोदामाचं दार उघडलं. अमरसिंहाची नजर पोत्यांवरून वर वर गेली. तो हळूच म्हणाला, "मग मलाच द्या की थोडी. बाकीचे कारखाने बंद पडाय लागल्यात."

"बी न्हाय मिळायची, पावणं!" आतून बनाबाई गरजली. "फोडून आतला गर काढून ठेवलाय, त्यो न्या!"

बायका खदखदून हसल्या. संयोगितानं पाहुण्याला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मग शांतपणे गराचा भाव सांगितला. दीडपट.