पंखाखालचा ठिपका

कंपासकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. बायको होती तोवर ती त्या नावाने हाक मारायची. बंदराजवळच्या विमान संग्रहालयाच्या शेडमध्ये, शर्टाच्या खिशात सदा कंपास बाळगणाऱ्या या निवृत्त आरेखकाला सगळे याच नावाने ओळखत. आठवडाभर ते दोन खोल्यांत रेडिओशी बोलत आणि रविवारची वाट पाहत. रविवारी शेडमध्ये माणसं असत, आणि माणसांत मिस्त्री असत.

मिस्त्रींचा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. दोघांनी मिळून युद्धातलं एक नौदलाचं लढाऊ विमान हाती घेतलं होतं. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख मागे दुमडून अंगाशी घेणारं, बसक्या चणीचं विमान.

"हे तुमच्यावर गेलंय काका," मिस्त्री म्हणत. "अंग चोरून बसतं."

"आणि सुरू झालं की तुमच्यावर," काका म्हणत. "थांबतच नाही."

दुपारी डबा उघडला की मिस्त्री न विचारता आपल्यातलं अर्धं काकांच्या झाकणात काढून ठेवत.

बिनसलं ते एका ठिपक्यावरून. निळं वर्तुळ, त्यात पांढरा तारा आणि ताऱ्याच्या पोटात लाल ठिपका, असं त्या विमानांवरचं राष्ट्रचिन्ह. पण शत्रूचं चिन्हही लाल गोळाच. लांबून फरक कळेना, आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर फिरू लागल्या, तेव्हा हुकूम निघाला की लाल ठिपके पांढऱ्या रंगाने बुजवा. शेडमधलं विमान त्या हुकुमानंतर जसं होतं तसं उभं करायचं होतं. म्हणजे ठिपका कुठेच नको, असं काकांचं म्हणणं.

"पंखांखाली होता," मिस्त्री म्हणाले. "हे विमान ज्या जहाजावर होतं, त्यावरच माझा दादा विमानं धुवायचा. मरेपर्यंत सांगायचा."

"हुकूम होता, मिस्त्री."

"हुकूम असेल. ठिपकाही होता."

शेडमधले सगळे हातातलं काम थांबवून ऐकत होते. काकांना माघार घेववेना. "तुमच्या दादाला रंग नीट दिसायचे ना?" ते म्हणाले.

दोघं-तिघं हसले. मिस्त्रींनी हात पुसले, पाना जागच्या जागी ठेवला आणि ते घरी गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, नंतरही नाहीत. त्या दादाने मिस्त्रींना बापाच्या मायेने वाढवलं होतं, हे काकांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते बोलून गेले होते.

जुना रंग उतरवायचा तर ओला पॉलिशपेपर गोल गोल फिरवत थरामागून थर काढावा लागतो. वरच्या बाजूच्या ताऱ्यांवर तसं करताना लालवर चढवलेला पांढरा थर स्वच्छ दिसला होता. आता काका एकटेच पंखाखाली आडवे होऊन घासत होते. नंतर कधीतरी सरसकट मारलेला राखाडी रंग गेला, आणि ताऱ्याच्या मध्यावर एकदम लाल निघालं. त्यावर पांढऱ्याचा मागमूस नव्हता.

काकांनी उठून पंख दुमडून पाहिला. दुमडल्यावर त्याची खालची बाजू विमानाच्या अंगाला जाऊन लागली. मधून हातही जाईना. जहाजाच्या पोटात, पंख मिटलेल्या विमानांच्या दाटीत रंगाऱ्याने दिसले तेवढे ठिपके बुजवले असणार. आतला राहिला तो राहिलाच. डेकवर पंख उघडल्यावर खालून धुणाऱ्याला मात्र तो रोज दिसत असणार.

काका तसेच मळक्या कपड्यांनी मिस्त्रींच्या घरी गेले. दार मिस्त्रींनीच उघडलं.

"ठिपका सापडला," काका म्हणाले. "तुमच्या दादाचं खरं होतं."

"खरं होतंच. मला कुठे शंका होती?"

"मी तसं बोलायला नको होतं."

मिस्त्री दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "बसा. चहा घ्या."

सूनबाईने चहा आणला. हवेबद्दल बोलणं झालं, नळाला पाणी कमी येतं त्याबद्दल झालं. उठताना काका म्हणाले, "ठिपका पुन्हा रंगवायला दोघं लागतात. एकाने कागद धरायचा. या रविवारी आलात तर..."

"गुडघे धरलेत हो. जिना होत नाही. तुमचा हात चांगला आहे, काढाल तुम्ही."

आणि मग रिवाजाप्रमाणे ते काकांना खालपर्यंत सोडायला आले. तीन मजले उतरले, कठड्याला हातसुद्धा न लावता.

तरीही काकांनी पंखाखालचं काम मागे ठेवलं. शेवटी संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, "काका, सगळं झालं, तेवढं एक राहिलंय." तेव्हा ते एकटेच आडवे झाले. वर्तुळ कापलेला कागद चिकटपट्टीने लावला, पण ब्रश टेकताच तो एका बाजूने सुटला आणि ठिपका लांबुळका झाला.

मिस्त्री असते तर म्हणाले असते, "काय काका, अंडं घातलंत?"

"मग या, उबवायला बसा," काका म्हणाले.

पंखाखाली आवाज जरा घुमला. पलीकडे बाई कोणाला तरी दिवे लावायला सांगत होत्या. काकांनी कागद हळूच सोडवला, आणि रंग वाळेपर्यंत ते तिथेच पडून राहिले.