पाचगणीतला गॅसचा भडका

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो आहे. पाचगणीचं हे मात्र विसरता येत नाही.

साठच्या दशकातली गोष्ट. तिथल्या एका निवासी शाळेने लाकडावरचा बंब बंद करून अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक गोबर गॅसवर आणला होता. थंडीच्या एका सकाळी आचारी आला नाही म्हणून मदतनीस बाईने चूल पेटवली आणि भडका उडाला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

पंचनाम्यात चुलीमागची रबरी नळी धारदार हत्याराने कापलेली दिसली. शाळेला लाकूड पुरवणाऱ्या ठेकेदाराचा धंदा बुडाला होता. त्याला ठाण्यात बसवून चौकशी चालवली. तो एकच म्हणे, "मी वाईला हुतो, साहेब."

मग शाळेसमोरचा चहावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्येला सोडा. आदल्या सांजेला बंबवाला भटारखान्यात शिरताना म्या बघितलाय."

बंबवाला म्हणजे भाजलेल्या बाईचा नवरा. आयुष्यभर त्याने तो बंब पेटवला होता. आता शाळेने त्याला घरी बसायला सांगितलं होतं.

मी आधी साताऱ्याच्या इस्पितळात जाऊन बाईचा जबाब घेतला. ती म्हणाली, "नळी माज्याच हातनं तुटली. आमच्या मालकास्नी कशाला इचारता?" मी नवऱ्याचं नावही काढलं नव्हतं.

त्याला ठाण्यात बोलावलं. हात उगारावा लागला नाही. बायकोचा जबाब तेवढा सांगितला.

"ती आसं म्हनली?" तो भिंतीला टेकून खालीच बसला. "नळी म्या कापली, साहेब. वाटलं, गॅस वाऱ्यावर जाईल, पानी गार ऱ्हाईल, आन् पुन्यांदा बंब पेटवाया मला बोलावतील. ती चुलीपाशी जाईल हे ध्यानातच आलं न्हाई."

कोर्टात ती आली तेव्हा बोटं आखडलेली होती. काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"ह्येंला आत टाकल्यावर मला घास कोन भरवनार?"

शिक्षा झाली. कायद्याने ती योग्यच होती. प्रत्येक गुन्ह्यामागे वैर शोधू नये, घाबरलेला माणूसही तेवढीच राख करतो, हे मी तिथे शिकलो. त्या संध्याकाळी ठाण्यातली माणसं गुन्हा शाबीत झाल्याच्या आनंदात होती. जेवणाचा डबा समोर होता. मी तो तसाच झाकून ठेवला.