आयांची अदलाबदल

इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून इमारतीत सगळे तिला इस्त्रीवाली म्हणत. स्वतःचे कपडे मात्र कायम चुरगळलेले. कोणी टोकलं तर म्हणायची, "पगाराशिवाय मी इस्त्रीला हात लावत नाही."

मग आईचे पाय गेले. उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं दुसऱ्याच्या हातानं. इस्त्रीवालीनं नोकरी सोडली. बसून खाल्लं तर डोंगरही सरतो. इथे तर साधं टेकाडही नव्हतं.

तेवढ्यात सरकारी योजना आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जो सांभाळेल त्याला महिन्याचा भत्ता. ती तशीच कार्यालयात गेली. तिथला साहेब भला माणूस. त्यानं आधी पाणी दिलं, मग नियम सांगितला. भत्ता परक्यालाच, घरच्या माणसाला नाही.

"काम तर तेच ना, साहेब?"

"तेच. पण मुलगी ते तसंही करतेच की. सरकार मायेचे पैसे देत नाही, बाई. ज्यांना कोणीच नाही त्यांना आधी मिळावं, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"कोणाला तरी ठरवावंच लागतं," साहेब म्हणाला, आणि त्याचाही आवाज जरा पडला.

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. मुलगी आईला टाकणार नाही, हे खरंच होतं. पण जी टाकणार नाही तिनंच पोटाला चिमटा घ्यावा, हा कुठला न्याय, ते मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

खालच्या मजल्यावर एक बेकरीवाली राहायची. तिचीही आई अंथरुणात, तिचीही नोकरी सुटलेली. जिन्यात दोघींची गाठ पडली आणि शक्कल निघाली. इस्त्रीवालीनं खालच्या आजींना सांभाळायचं, बेकरीवालीनं वरच्या आईला. दोघी एकमेकींच्या आयांना परक्या, म्हणून दोघींना भत्ता. साहेबानं नियम पुन्हा वाचला आणि मान डोलावली. सुरुवातीला दोघींना याचं भारी हसू यायचं. सकाळी जिन्यात भेटल्या की एक म्हणायची, "चालले तुझ्या आईकडे. माझीला रागावू नकोस हं."

हळूहळू हसू आटलं. संध्याकाळी इस्त्रीवाली वर यायची तेव्हा आईचं खाणंपिणं, बोलणं सगळं उरकलेलं असायचं, आणि आई पेंगुळलेली. आईला आता पाठ डावीकडून चोळलेली बरी वाटते, हे तिला बेकरीवालीनं सांगितलं. आई लग्नाआधी गायची, हेही तिच्याचकडून कळलं. फार जिव्हारी लागलं ते.

"आई, सोडू का मी खालचं काम?" तिनं एकदा विचारलं.

"आणि खाशील काय, माती? जा तू. ती पोरगी चांगली आहे."

एका दुपारी ती आजींना भरवत असताना बेकरीवाली दारात येऊन उभी राहिली. तिनं वर बोट दाखवलं. इस्त्रीवाली धावत वर गेली, तोवर सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेले नातेवाईक बेकरीवालीभोवतीच बसले. त्रास झाला का, पाणी घेतलं का, शेवटचं काय बोलली, सगळं तिलाच ठाऊक. लेक कोपऱ्यात बसून पाहुण्यासारखी ऐकत होती.

"तुझी आठवण काढली गं," बेकरीवाली मधेच तिच्याकडे वळून म्हणाली. "मी म्हटलं, बोलावते. तर म्हणाली, नको, तिची कामाची वेळ आहे."

आजींच्या जेवणाची वेळ झाली तशी इस्त्रीवाली उठून खाली गेली. आजींना ऐकू कमी यायचं, पण डोळे शाबूत होते.

"का गं रडतेस?"

"आई गेली माझी." मोठ्यानं सांगावं लागलं.

"अरे देवा. आणि तू जवळ नव्हतीस?"

"नाही," ती म्हणाली. "तुमच्याजवळ होते."